बाइंडिंगला गेलेला अंक

झुंबर काठे यांना वैद्यकशास्त्रातलं चुकलेलं तेवढं ठाऊक होतं. बरोबर काय ते सांगायला शहरात तीन-साडेतीनशे डॉक्टर होतेच.

नाशकातल्या आम्हा डॉक्टरांच्या एका मंडळाची टिळकवाडीत दोन खोल्यांची लायब्ररी होती. काठे १९८४ पासून तिचे ग्रंथपाल. घर मखमलाबादला. तिथे भाऊ गुलाब आणि झेंडू लावायचा आणि पहाटे फुलबाजारात नेऊन विकायचा. काठे बी.ए. झाले आणि ग्रंथालयाचा कोर्स केला, तेव्हा घरच्यांना वाटलं की मुलगा शेतातून सुटला. काठ्यांनाही तसंच वाटे. फक्त त्यांची पत्नी सिंधुबाई म्हणायची, "सुटले कसले? तिकडं कागदं खुडत्यात."

डॉक्टरांना नवं ज्ञान कसं मिळतं, याबद्दल बाहेरच्या माणसाचा समज फार उदात्त असतो. त्या काळी आमच्याकडे ते बहुतेक करून औषध कंपनीचा प्रतिनिधी आणून देई, गुळगुळीत कागदावर, सोबत पेन किंवा टेबलावर ठेवायचं घड्याळ. उरलेल्या मोजक्यांसाठी काठे होते. सकाळी दहाला कुलूप उघडलं की फोन सुरू होई. "काठे, टायफॉइडला जुनी गोळी लागू पडेना, काही आलंय का नवीन?" काठे "बघतो" म्हणत आणि खरंच बघत. विलायती आणि देशी मिळून बावीस मासिकं येत. कुठल्या महिन्यात कशावर काय छापून आलं, हे त्यांच्या डोक्यात बाजारभावासारखं असे. इंग्रजी यथातथाच, पण लेखाचं नाव, तक्ता आणि शेवटचा परिच्छेद एवढं त्यांना पुरत असे. तेवढं तर डॉक्टरांनाही पुरत असे. नांदगावचे एक डॉक्टर पोस्टकार्डावर प्रश्न पाठवत. काठे झेरॉक्स काढून पाकीट नांदगावच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देत. ड्रायव्हर विचारायचा, "आज कुणाचं काय दुखतंय?"

त्यांची एक सवय मात्र जगावेगळी होती. प्रत्येक मासिकाच्या मागच्या पानांत, जाहिरातींच्या आधी, बारीक अक्षरात एक चौकट असे: मागच्या अमुक अंकात तमुक पानावर अमुक छापलं गेलं, ते तमुक वाचावं. हे कुणीही वाचत नसे. काठे नवा अंक आला की आधी तेच वाचत. मग पिवळ्या कागदावर ती दुरुस्ती स्वच्छ अक्षरात लिहून काढत, जुना अंक शोधत आणि चुकलेल्या ओळीवर ती चिठ्ठी खळीनं एका कडेला चिकटवत, म्हणजे उचलली की खालची चूकही दिसे. "चूक झाकायची नसते," ते म्हणत, "शेजारी बसवायची असते." सतरा वर्षांत अशा सातशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या होत्या. इंग्लंडातल्या मोठमोठ्या प्राध्यापकांच्या चुका मखमलाबादच्या माणसाच्या अक्षरात दुरुस्त झालेल्या पाहून त्यांना जे वाटे त्याला समाधान म्हणणं कमी पडेल.

डॉ. छाया बोरस्ते १९९९च्या दिवाळीत मुंबईहून एम.डी. करून आल्या आणि गंगापूर रोडला त्यांनी दवाखाना टाकला. सोबत कॉम्प्युटर आणला. त्याला फोनची तार जोडली होती, आणि त्या तारेतून अमेरिकेतल्या वैद्यकीय लेखांची यादी सारांशासह फुकट येत असे. ही बातमी डॉक्टरांत साथीसारखी पसरली. काठ्यांना जे शोधायला दोन दिवस लागत ते बाईंकडे दहा मिनिटांत कागदावर छापून निघे. शिवाय बाई स्वभावानं चांगल्या. कुणी विचारलं तर नाही म्हणत नसत. काठ्यांच्या मते हाच त्यांचा सगळ्यात मोठा दोष होता.

फोन कमी झाले. आधी दिवसाला आठ-दहा येत. दोन हजार साल सरलं तोवर दोन, त्यातला एक हॉल रिकामा आहे का हे विचारणारा. कुणी आलंच तर हातात बाईंनी छापून दिलेला कागद असे आणि प्रश्न असे, "काठे, हा अंक आहे का आपल्याकडे?" म्हणजे शोध त्यांनी लावायचा आणि हमाली आपण करायची.

"सारांश म्हणजे सारांशच," काठे येईल त्याला ऐकवत. "लग्नाची पत्रिका वाचून पोट भरतं का कुणाचं?"

पण मत्सर माणसाला जिज्ञासू बनवतो. बाईंच्या मारुतीचा नंबर, ओपीडीच्या वेळा, छपाईचा कागद कुठल्या दुकानातून येतो, हे सगळं काठ्यांना ठाऊक झालं. घरी जाताना त्यांची लूना गंगापूर रोडवरून जाऊ लागली. मखमलाबादला जायचा तो रस्ता नाही. एकदा मंडळाचं पत्रक द्यायच्या निमित्तानं ते दवाखान्यात शिरले आणि फोनच्या तारेला जोडलेल्या मोडेमचा आवाज स्वतः ऐकून आले. परत येऊन मला म्हणाले, "डॉक्टर, ज्ञान येताना एवढं किंचाळतं का हो?"

मी म्हटलं, "आपल्याकडे येताना पोस्टमन शिट्टी वाजवतो की."

त्यावर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जून २००१ मध्ये बाई स्वतः लायब्ररीत आल्या. काठ्यांनी दीड वर्ष या क्षणाची वाट पाहिली होती. मनातल्या मनात संवादही पाठ केला होता.

"काठेकाका, मार्चचा एक अंक हवा होता. नेटवर नुसता सारांश आहे, डोसचा तक्ता नाही." त्यांनी मासिकाचं नाव सांगितलं. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येतात त्या बायकांना मॅग्नेशियमचं इंजेक्शन कसं द्यायचं, यावरचा तो लेख होता. "पुढच्या महिन्यात मीटिंगला बोलायचंय. आपल्या खेड्यांतले डॉक्टर अजून गुंगीचं कंपोज देऊन नाशिकला पाठवतात. पहिला डोस तिथेच दिला तर वाटेत झटके कमी येतील."

अंक काठ्यांच्या पाठीमागच्या मांडणीवर होता. हात मागे केला असता तर लागला असता. त्यात एक ताजी पिवळी चिठ्ठीही होती. मे महिन्याच्या अंकात त्या लेखाची दुरुस्ती आली होती आणि चारच दिवसांपूर्वी काठ्यांनी ती चिकटवली होती. पण पाठ केलेल्या संवादात बाई अजीजीनं विचारणार होत्या. या तर साधेपणानं विचारत होत्या. आणि वर 'काका'.

"बाइंडिंगला गेलाय," काठे म्हणाले.

"अच्छा. कधी येईल?"

"बाइंडरचं काय सांगावं, मॅडम? मृग लागलाय. खळ वाळत नाही."

बाई "बरं, बघते मी" म्हणून गेल्या. मुंबईच्या मैत्रिणीला फोन करून त्यांनी तिथल्या कॉलेजातल्या अंकाची झेरॉक्स मागवली. ती तीन दिवसांत आली. मुंबईच्या अंकावर पिवळी चिठ्ठी असण्याचं कारण नव्हतं.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी मीटिंग झाली. स्त्रीरोगवाले नेमके पुण्याला परिषदेला गेले होते. उरलेले चाळीसेक डॉक्टर कचोरीवर नजर ठेवून बसले होते. काठे नेहमीप्रमाणे सह्यांचं रजिस्टर घेऊन मागच्या खुर्चीवर. बाई बोलल्या छान. साध्या मराठीत, उगाच पांडित्य नाही. तालुक्याहून आलेले डॉक्टर माना डोलावत होते. घोटीचे डॉ. गतीर तर पुढच्या रांगेत बसून लिहून घेत होते. साठीला आलेला माणूस, अठ्ठावीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि शाळकरी मुलासारखी वही.

मग पडद्यावर तक्ता आला. शिरेतून द्यायचा पहिला डोस: वीस मिली, पन्नास टक्के.

काठ्यांना मॅग्नेशियम म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण 'पन्नास टक्के' छापलं गेलं, ते 'वीस टक्के' वाचावं, हे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पन्नास टक्क्यांचं वीस मिली म्हणजे ठरल्यापेक्षा अडीच पट. त्यानं झटके थांबतात. कधी कधी श्वासही थांबतो.

उठून सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. काठे उठले नाहीत. त्यांनी मला पुढे हे स्वतःच सांगितलं, आणि सांगताना स्वतःला सूट दिली नाही. आधी त्यांना आनंद झाला. निव्वळ, गुदगुल्या झाल्यासारखा आनंद. मग आठवलं की उठायचं म्हणजे अंक दाखवायला हवा, आणि अंक तर बाइंडिंगला गेलेला. मग त्यांनी ठरवलं की ऑगस्टच्या मीटिंगला अंक रीतसर 'परत' आणायचा आणि सगळ्यांसमोर चिठ्ठी उचलून दाखवायची. चार आठवड्यांचाच प्रश्न होता.

टाळ्या झाल्या. काठ्यांनीही वाजवल्या. सह्या मोजल्या, एकेचाळीस.

घरी जेवताना त्यांना राहवलं नाही. सिंधुबाईला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशीच्या झेंडूच्या पाट्या निवडत होती.

"मंग सांगितलं का बाईला?"

"सांगणार ना. पुढच्या महिन्यात, सगळ्यांसमोर."

सिंधुबाईनं हात थांबवला. "चूक घावली तर तोंडावर सांगून मोकळं व्हावं. महिनाभर मुरत घालायला ते काय लोणचं हाय?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"नाय कळायचं. तेवढ्यात एखादी बाई मेली तर ते तुमाला कळंल का, एवढं सांगा."

काठे ताटावरून उठले. तिची भाषा अडाणी आहे असं ते एरवीही म्हणत.

सोमवार, मंगळवार गेले. बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. घोटीहून डॉ. गतीर बोलत होते. बाई राउंडला होत्या म्हणून त्यांनी लायब्ररीला लावला होता.

"काठे, परवाच्या त्या लेखाची पूर्ण झेरॉक्स मिळेल का? लेबर रूमच्या भिंतीला लावायचीय. डोस तर मी लिहून आणलाय. दोन-दोन मिलीच्या दहा अँप्युल काढून ट्रेमध्येच ठेवल्यात, म्हणजे ऐन वेळी धावाधाव नको. आज एक येतेय बहुतेक. पाड्यावरची पहिलटकरीण. पाय सुजलेत, डोकं दुखतंय म्हणून निरोप आलाय. जीप निघालीय तिकडून."

आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी फोन करून काठ्यांकडे अख्खा लेख मागितला होता. "अख्खा ना? देतो की. पाठवतो," काठे म्हणाले. ते पुरतं सुखावले होते. फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण नक्की कशाला 'पाठवतो' म्हणालो.

ते खुर्चीत बसून राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही. मी नंतर अंदाज काढला, पंधरा मिनिटं असावीत. मग त्यांनी घोटीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. त्या भागात पाऊस लागला की फोनच्या तारा आधी जातात. लाइनवर नुसती खरखर. बाईंच्या दवाखान्यात लावला, तर रिसेप्शनवालीनं सांगितलं, "मॅडम राउंडला आहेत, काय निरोप?" काठ्यांनी काहीच निरोप दिला नाही. फोन ठेवला, मांडणीवरून अंक उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, लायब्ररीला कुलूप लावलं. कामाच्या दिवशी अकरा वाजून गेल्यावर त्या दाराला कुलूप दिसण्याची ती सतरा वर्षांतली पहिली वेळ.

मिळेल त्या एस.टी.नं ते घोटीला उतरले तेव्हा दीड वाजून गेला होता. डॉ. गतीरांचा दवाखाना भाताच्या गिरणीसमोर. बाहेर चिखलात जीप उभी होती. काठे ओल्या चपलांनीच लेबर रूमच्या दारापर्यंत गेले. आत कुणी बाई कण्हत होती. दाराशी सावित्रीबाई नर्स हातात ट्रे घेऊन उभ्या.

"अहो, तुमी कोन? आत बाईमानूस हाय!"

"डॉक्टरांना बोलवा. अँप्युल फोडू नका."

"चार फोडल्या. बाईला जीपमधीच झटका आला, आता लय येळ नाय—"

"पुढची फोडू नका! डॉक्टर! गतीर डॉक्टर!"

डॉ. गतीर आतून आले. काठ्यांनी पिशवीतून अंक काढला, पान उघडलं, चिठ्ठी दाखवली. बोललं तर काय काय बाहेर पडेल याची त्यांना खात्री नव्हती. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, ती उचलून खालची ओळ वाचली, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"सावित्रीबाई, फोडल्या तेवढ्या चारच भरा. आठ मिली. वर बारा मिली डिस्टिल्ड वॉटर. बाकीचा ट्रे तिकडं न्या." मग ते काठ्यांकडे वळले. "अठ्ठावीस वर्षं कंपोज दिलं. आज शहाणा व्हायला गेलो होतो." त्यांनी काठ्यांच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं मॅडमनी तुम्हाला पाठवलं."

काठ्यांनी तोंड उघडलं. पण डॉक्टर आत गेले होते.

पहिलटकरणीला नीट डोस मिळाला, तिला जीपनं नाशिकला आणलं, वाटेत पुन्हा झटका आला नाही. त्या रात्री ती सिव्हिलला बाळंत झाली. मुलगी. काठे परतीच्या एस.टी.त उभ्यानं आले. बसायला जागा होती, असं त्यांनीच सांगितलं.

संध्याकाळी घोटीची लाइन सुरू झाली आणि डॉ. गतीरांनी पहिला फोन बाईंना केला, आभार मानायला. गुरुवारी सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी बाई पायरीवर उभ्या होत्या. आदली रात्र झोपेविना गेल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

"काका, मी तुम्हाला घोटीला पाठवलं होतं?"

"नाही, मॅडम."

"अंक बघू."

काठ्यांनी पिशवी दिली. बाईंनी उभ्यानंच पान काढलं. चिठ्ठीवर खालच्या कोपऱ्यात काठ्यांच्या सवयीनं तारीख होती, ७ जून. बाई अंक मागायला आल्या होत्या ११ जूनला. त्यांनी तारीख वाचली. मग अंक उलटून त्याचा कणा पाहिला. बाइंडर आधी काढून टाकतो त्या मूळच्या दोन पिना जशाच्या तशा होत्या.

"बाइंडिंगला गेला होता ना हा?"

"आला," काठे म्हणाले. "काल आला."

"वर्ष पुरं व्हायच्या आत बाइंडिंग करतात का हो काका?"

वर्षाचे बारा अंक जमल्याखेरीज बाइंडर हात लावत नाही, हे त्या धंद्यातलं पहिलं अक्षर. बाईंनी अंक मिटला आणि म्हणाल्या, "एकेचाळीस सह्या होत्या ना? ते रजिस्टर द्या. सगळ्यांना फोन करायचे आहेत. अर्धे तुम्ही करा, अर्धे मी."

दिवसभर दोघं फोन करत होते. बाई प्रत्येकाला सांगत, "माझ्या तक्त्यात चूक होती, काठेकाकांनी पकडली." काठे फक्त आकडे सांगत. मागोमाग बाईंनी छापील पत्रकही काढलं, त्यातही काठ्यांचं नाव. ऑगस्टच्या मीटिंगला त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी छापलेलं न तपासता दाखवलं, ही चूक माझी." अध्यक्ष गहिवरले. आपली चूक चारचौघांत कबूल करायला केवढं धैर्य लागतं, यावर ते दहा मिनिटं बोलले. टाळ्या मागच्या वेळेपेक्षा जास्त झाल्या. मग काठ्यांनाही पुढे बोलावून गुलाबाचं एक फूल देण्यात आलं. ते मखमलाबादचंच असावं.

काठे म्हणजे असूयेनं केलेल्या गुन्ह्याबद्दल सत्कार झालेला मला माहीत असलेला एकमेव माणूस.

त्यानंतर रीत पडली. बाईंच्या कॉम्प्युटरवर काही सापडलं की तो कागद आधी लायब्ररीत येई. वर बाईंच्या अक्षरात: 'काठेकाका, बघून द्यावे.' काठे चिठ्ठ्या धुंडाळत, नंतरच्या अंकांच्या मागच्या चौकटी तपासत, आणि 'ठीक' असा शेरा मारून सही करत. कामाला वीस मिनिटं लागत. काठे कागद मात्र दुसऱ्या दिवशी परत पाठवत. फोन पुन्हा सुरू झाले, लोक म्हणत, "मॅडमनी दिलाय, काठ्यांनी पाहिलाय ना?" ज्या खुर्चीसाठी सगळं केलं ती खुर्ची त्यांना मिळाली. फक्त ती बाईंच्या खुर्चीशेजारी मांडलेली होती. आणि कागदात चूक सापडली नाही की काठ्यांचा चेहरा असा पडे की नवख्या माणसाला वाटावं, रोग्याचं काही बरंवाईट झालं.

पिना काढलेल्या नव्हत्या, हे बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही. मंडळात नाही, डॉ. गतीरांना नाही, मलाही नाही. मला ते काठ्यांनीच सांगितलं, २००६ मध्ये, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. मासिकं तोवर निम्म्यावर आली होती. बाकीची सगळी तारेतून येत.

मी म्हटलं, "बाई मोठ्या मनाच्या आहेत."

"तेच तर," काठे म्हणाले. हातातल्या कागदाची घडी ते उगाच घट्ट करत होते. "एकदा सगळ्यांसमोर शिव्या घालायला पाहिजे होत्या हो तिनं. पाच वर्षं वाट बघतोय. रोज सकाळी वाटतं, आज सांगेल कुणाला तरी. नाही सांगत. उलट 'काका, चहा घेतला का' विचारते." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाईंची गाडी फाटकातून आत वळत होती. "एवढी चांगली वागते माझ्याशी, की डॉक्टर, अजून माफ नाही करता आलं मला तिला."

मग ते उठले आणि टेबलावरचे कागद नीट लावून ठेवू लागले. बाईंना अव्यवस्थित टेबल आवडत नसे.